मदत हवी आहे: दोन ग्राफिक्स कार्डं, दोन एनव्हीएमई, आणि हार्ड डिस्क दिसेनाशी झाली

राजांगण_फोंडा

नमस्कार मंडळी,

घरच्या डेस्कटॉपवर माझी दोन कामं चालतात. पोटापाण्याचं काम म्हणजे ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये घरांची थ्रीडी दृश्यं बनवणं. सध्या राजांगण (घराच्या मधलं उघडं अंगण) असलेल्या एका जुन्या घराचं मॉडेल हातात आहे: चिऱ्याच्या भिंती, लाकडी खांब आणि वर नळ्यांचं छप्पर. दुसरं काम जिवाभावाचं. आमच्या भागात जत्रेच्या रात्री जी मराठी नाटकं होतात, त्यांचं चित्रीकरण मी गोळा करतो, साफ करतो, जपून ठेवतो. त्यातले काही नट आज हयात नाहीत, त्यामुळे या फाइलींना मी कुठल्याही गिऱ्हाइकाच्या कामापेक्षा जास्त जपतो.

यंत्र असं आहे: रायझन ७ ५७००एक्स, बी५५० चिपसेटचा (बाकी भाग प्रोसेसरला जोडणारी चिप) एटीएक्स बोर्ड, ३२ जीबी रॅम, ६५० वॉटचा पॉवर सप्लाय. वरच्या स्लॉटमध्ये आरटीएक्स ३०६०, १२ जीबी. आधीचं जीटीएक्स १६६० सुपर, ६ जीबी, कपाटात पडून होतं, ते आता खालच्या लांब स्लॉटमध्ये बसवलंय. विंडोज पहिल्यापासून १ टीबीच्या जेन ४ (चौथ्या पिढीच्या) एनव्हीएमईवर, म्हणजे बोर्डाच्या एम.२ खाचेत बसणाऱ्या वेगवान ड्राइव्हवर, आहे. जोडीला २ टीबीची जेन ३ एनव्हीएमई नवी घेतली आणि दुसऱ्या एम.२ खाचेत लावली. शिवाय एक साटा (केबलने जोडायची) एसएसडी आणि एक ४ टीबीची हार्ड डिस्क.

नवी एनव्हीएमई लावली आणि हार्ड डिस्क बायोसमधूनच (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डाचा प्रोग्रॅम) गायब झाली. केबल बदलली, फरक नाही. एनव्हीएमई काढली की डिस्क परत दिसते.

खालचं कार्ड जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक्स४ १.१ असं दाखवतं. ते १६ लेनचं (डेटा ने-आण करणाऱ्या १६ वाटांचं) कार्ड आहे, मग बाकीच्या लेन कुठे गेल्या? राजांगणाच्या सीनला ९ जीबीच्या आसपास मेमरी लागते. एकट्या ३०६० वर तो रेंडर होतो (अंतिम चित्र तयार होतं), पण दोन्ही कार्डांवर टिक केली की मेमरी संपल्याचा संदेश येतो. माझा हिशेब होता की १२ आणि ६ मिळून १८ होतील. यासाठी एसएलआयचा (दोन कार्डं जोडण्याची एनव्हीडियाची पद्धत) ब्रिज लागतो का?

आणि शेवटचं. दोन्ही एनव्हीएमई जोडून एकच मोठी, वेगवान ड्राइव्ह करावी असा सल्ला दुकानात मिळाला. नाटकांच्या फाइली त्यावर ठेवणं शहाणपणाचं आहे का? बोर्ड बदलण्याची सध्या तरी ऐपत नाही, आहे त्यातच बसवायचंय.

मांडवीकाठ

हार्ड डिस्कचं आधी सांगतो, कारण जीव तिथे टांगलाय. डिस्क ठणठणीत असणार. बऱ्याच बी५५० बोर्डांवर दुसरी एम.२ खाच आणि शेवटचे दोन साटा पोर्ट यांच्या लेन सामायिक असतात. खाचेत ड्राइव्ह बसली की ते दोन पोर्ट आपोआप बंद होतात. मॅन्युअलमध्ये साटाच्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत ही टीप असते. बोर्डावर पोर्टांशेजारी आकडे छापलेले दिसतील. केबल ५ किंवा ६ वर असेल तर १ ते ४ पैकी रिकाम्या पोर्टवर हलवा. खालचं कार्ड लांब असल्यामुळे ते पोर्ट झाकले गेले असतील, तर कार्ड काढून केबल लावा. वाकडी केबल घुसवायला जाऊ नका, प्लास्टिकची जीभ तुटते.

आता लेन. तुमच्या प्रोसेसरला एकूण २४ लेन आहेत. १६ वरच्या ग्राफिक्स स्लॉटला, ४ पहिल्या एनव्हीएमईला, ४ चिपसेटला. बाकी सगळं चिपसेटच्या वाट्याला येतं: खालचा स्लॉट, दुसरी एनव्हीएमई, साटा, बहुतेक यूएसबी, नेटवर्क. बी५५० मध्ये चिपसेट आणि प्रोसेसर यांच्यातला दुवा जेन ३ चा आणि चारच लेनचा, म्हणजे सेकंदाला साधारण ४ जीबी. फेरीबोटीसारखं समजा, पलीकडे रस्ता कितीही रुंद असला तरी एका खेपेला मावतील तेवढ्याच गाड्या जाणार.

खालचा स्लॉट दिसायला लांब असला तरी विजेच्या अंगाने चारच लेनचा असतो, म्हणून एक्स४. आणि १.१ (जोडणीची पिढी) दिसतंय कारण कार्ड निवांत आहे. जीपीयू-झेडमध्ये त्या ओळीशेजारी प्रश्नचिन्ह आहे, ते दाबून चाचणी चालू करा, आकडा ३.० वर चढेल. ब्लेंडरच्या सायकल्सला (रेंडर करणारं इंजिन) याने विशेष अडत नाही. सीन एकदा कार्डावर चढला की पुढचं गणित कार्डातच होतं. ५ जीबीचा सीन चार लेनवरून चढायला सेकंद-दोन सेकंद जास्त लागतील, एवढंच. मात्र त्याच वेळी दुसऱ्या एनव्हीएमईवरून मोठी कॉपी चालू असेल तर दोघांची गर्दी होईल.

रानवाट_सत्तरी

मेमरीबद्दल मी लिहितो, रोज ब्लेंडरच वापरतो.

१२ आणि ६ मिळून १८ होत नाहीत. सायकल्समध्ये दोन्ही कार्डं एकाच चित्राचे वेगवेगळे भाग रंगवतात, पण प्रत्येकाला अख्खा सीन स्वतःच्या मेमरीत हवा असतो. म्हणून लहान कार्ड तुमची मर्यादा ठरवतं. कार्डांची मेमरी एकत्र करायला एनव्हीलिंक लागतं. ते ३०९० ला होतं, ३०६० ला नाही. एसएलआयचा विषय सोडूनच द्या. तो खेळांसाठी होता, तुमच्या दोन्ही कार्डांवर त्याची जोडणीच नाही आणि २०२१ पासून एनव्हीडियाने नवी एसएलआय प्रोफाइल काढणंही थांबवलं. सायकल्सला ब्रिज कधीच लागत नव्हता.

पण म्हणून १६६० काढून टाकू नका. मॉनिटरची केबल ३०६० मधून काढून १६६० ला लावा. विंडोज, ब्राउझर, ब्लेंडरची खिडकी या सगळ्यांची मेमरी मग लहान कार्डावर जाईल आणि ३०६० चे जवळजवळ पूर्ण १२ जीबी रेंडरला मोकळे राहतील. सीन फिरवून बघताना थोडा जडपणा जाणवेल, तो सोसावा लागेल. ५७००एक्सला स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे बोर्डावरच्या पोर्टचा इथे उपयोग नाही. नाटकांसाठी डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या प्रोग्रॅमची फुकट आवृत्ती वापरत असाल तर ती एकच कार्ड वापरते. सेटिंगमध्ये आपोआपची निवड काढून ३०६० निवडा.

खरा प्रश्न मला वेगळाच वाटतो. नळे कसे ठेवलेत? शिफ्ट-डीने प्रती काढत गेला असाल तर प्रत्येक नळ्याची भूमिती मेमरीत वेगळी बसते. ऑल्ट-डीने काढलेल्या प्रती एकच मेश (आकाराची जाळी) वाटून घेतात. झरोका, खांब, कठडा, सगळ्याला हेच लागू. टेक्स्चरही (पृष्ठभागांवर चढवलेली चित्रं) बघा: ४के चं चित्र बिनदाब मेमरीत ६४ एमबी घेतं, ८के चं त्याच्या चौपट. छपराच्या आतल्या वाशांना ८के कशाला? सीन ५ जीबीत बसला की दोन्ही कार्डं एकत्र चालतील.

ॲनिमेशन असेल तर ब्लेंडर दोनदा उघडा, एकात ३०६०, दुसऱ्यात १६६०. आउटपुटचा फोल्डर एकच ठेवा, ओव्हरराइट बंद, प्लेसहोल्डर (फ्रेम उचलल्याची खूण म्हणून ठेवलेली रिकामी फाइल) चालू. जे कार्ड मोकळं होईल ते पुढची फ्रेम उचलतं. रॅममध्ये मात्र सीन दोनदा चढेल.

राजांगण_फोंडा

मांडवीकाठ, केबल ६ वरच होती. २ वर लावली आणि डिस्क दिसली, सगळ्या फाइली जागेवर आहेत. तुमचे आभार कसे मानू!

रानवाट, छपराचे नळे खरंच शिफ्ट-डीचेच आहेत. मॉडेलचा तो भाग गिऱ्हाइकाकडून तयार आला होता. ते एकच मेश वाटून घेतील असं केलं आणि सीन ६ जीबीच्या किंचित खाली आला. १६६० वर अजून अडतो, टेक्स्चर बारीक करतोय. मॉनिटर हलवल्यावर ३०६० वर फरक लगेच दिसला.

ड्राइव्ह जोडण्याचं मात्र राहिलं. आणि एक नवीन: रेंडर चालू असताना संध्याकाळी करंट गेला तेव्हा यूपीएसने क्षणभरही तग धरला नाही. बॅटरी नवी आहे, यूपीएस ६०० व्हीएचा.

मांडवीकाठ

जोडू नका. रेड ० मध्ये (दोन ड्राइव्हांवर डेटा वाटून ठेवण्याची पद्धत) १ आणि २ टीबी मिळून २ टीबीच मिळतात, कारण मोठ्या ड्राइव्हचा लहानीएवढाच भाग वापरला जातो. वर एक ड्राइव्ह गेली की दोन्हींवरचं सगळं जातं. विंडोजच्या स्टोरेज स्पेसेसमध्ये ड्राइव्हांचा साधा पूल केला तरी धोका तोच राहतो. आणि तुम्हाला तो वेग लागतही नाही. फुल एचडी कॅमेऱ्याचं ५० मेगाबिटचं चित्रीकरण सेकंदाला ६ एमबीच्या जरा वर जातं, तासाला २२ जीबीच्या आसपास. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या वर वाचते. तीन कॅमेऱ्यांचे ट्रॅक एकदम लावले तरी तिला जड नाही.

माझ्या मते वाटणी अशी करा: १ टीबीवर विंडोज, प्रोग्रॅम आणि चालू ब्लेंडर प्रकल्प. २ टीबीवर संपादनात असलेलं नाटक आणि रिझॉल्व्हची कॅश (तात्पुरत्या फाइली). संपलेली नाटकं हार्ड डिस्कवर, त्यांची दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या गावात नातेवाइकांकडे. कपाटातल्या प्रतीसाठी एसएसडी घेऊ नका. बिनविजेची फार काळ पडून राहिली की तिच्यातला डेटा जाऊ शकतो, आणि उकाड्यात लवकर. पावसाळ्यात डिस्क सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवा.

यूपीएसचं गणित सरळ आहे. ६०० व्हीए म्हणजे बहुधा ३६० वॉट. ३०६० चे १७०, १६६० सुपरचे १२५, प्रोसेसर पूर्ण भारावर ७६, इथेच ३७१ झाले. ड्राइव्ह, पंखे, मॉनिटर वेगळे. बॅटरी कितीही नवी असली तरी तो भार पेलणार नाही. पॉवर सप्लाय ६५० चा पुरेसा आहे, फक्त दोन्ही कार्डांना वेगवेगळी केबल द्या, एकाच केबलच्या दोन तोंडांवर दोन कार्डं नकोत. यूपीएस १ केव्हीए किंवा वरचा बघा, आणि व्हीएऐवजी वॉटचा आकडा विचारून घ्या. तोवर आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही कार्डांची पॉवर लिमिट ७५ टक्क्यांवर आणा. रेंडर थोडा हळू होईल, पण वरचं कार्डही कमी तापेल. खालच्या कार्डामुळे त्याच्या पंख्यांना हवा कमी मिळत असणार, तेव्हा रेंडर चालू असताना त्याचं तापमान किती जातं तेही इथे लिहा.

राजांगण_फोंडा

लिमिट लावली. वरचं आधी ८३ अंशांवर जायचं, आता ७४ वर थांबतंय, खालचं ६६. कॅबिनेटला पुढे एकच पंखा आहे, खाली आणखी एकाची जागा रिकामी आहे. १२० मिमीचा तिथे बसतो. तो हवा आत ओढणारा लावू ना?

रानवाट_सत्तरी

हो, आत ओढणाराच. जाळीसकट घ्या.