मदत हवी आहे: रिटायरमेंटला पाच वर्षं राहिली, एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठराविक रक्कम) चालू ठेवू की सगळं काढून प्लॉट घेऊ?

नमस्कार मंडळी, इथं बरेच दिवस नुसतं वाचतोय, लिहितोय आज, सप्टेंबर २०२५ मध्ये, पहिल्यांदा. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा देणार तुम्ही.

मी कोल्हापूरचा, वय ५३, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. २०३० ला ५८ पूर्ण होतील आणि आमच्याकडं ५८ ला निरोपाचा नारळ. १९९८ पासून पीएफ कापला जातोय, त्याला कधी हात लावला नाही, आज १९ लाख आहेत. पीपीएफमध्ये (लांब मुदतीचं सरकारी बचत खातं) ९ लाख, तो एप्रिल २०२७ ला मॅच्युअर होतोय. म्युच्युअल फंडात १६ लाख, त्यातला ७ लाखाच्या आसपास नफा. घर स्वतःचं आहे, कर्ज नाही. मुलगी फार्मसीला, शेवटची दोन वर्षं. पीएफची पेन्शन मी स्वतः बसून काढून बघितली, सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०, पण त्यात पगार धरतात तो १५ हजारांपर्यंतच आणि सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना साडेसहा हजारच, म्हणजे ३२ वर्षं राबून महिन्याला पाच हजारांच्या आसपास येणार. एवढ्यात दूध, लाईट बिल आणि आईची औषधं भागली तरी खूप. म्हणून ही बाकीची रक्कमच आमचा खरा आधार आहे.

आता मूळ मुद्दा. सेन्सेक्स (शेअर बाजाराचा निर्देशांक) सप्टेंबर २०२४ ला ८५ हजारांच्या वर गेला होता, मार्च २०२५ मध्ये ७३ हजारांपर्यंत खाली आला, आणि वर्ष होत आलं तरी अजून त्या उंचीवर परत गेलेला नाही. दर महिन्याला ८ हजार टाकतोय आणि अ‍ॅप उघडलं की आकडा तिथंच. तिकडं गुजरीत, आमच्या सराफ बाजारात, सोनं तोळ्याला लाखाच्या पुढं गेलं. मेव्हणे गेले महिनाभर मागं लागलेत, दाजी, त्या कागदी पैशात काय ठेवलंय, पाचगावच्या पुढं दोन गुंठे एनए (बिनशेती) प्लॉट आहे, १८ लाखाला मिळतोय, दसऱ्याच्या मुहूर्तावर इसार देऊन टाकू. माणूस चांगला आहे, माझ्या भल्याचंच सांगतोय, त्यामुळं तोडून बोलवत नाही. दुसरीकडं शेजारचे म्हणतात ओळखीच्या पतसंस्थेत ठेव, बँकेपेक्षा दोन टक्के जास्त देतात. पण बँकेतल्या ठेवीला ५ लाखापर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेला ते नाही, आणि आपल्या भागात लोकांचे पैसे कसे अडकून पडतात ते आपण सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळं तो विषय मी माझ्यापुरता मिटवलाय.

भीती वाटायचं कारण सांगतो. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, फौंड्री बंद, दोन महिने अर्धा पगार, आणि २३ मार्चला एका दिवसात सेन्सेक्स जवळजवळ चार हजार अंकांनी पडून २६ हजारांच्या खाली. घरात बसून दिवसभर टीव्हीवर तेच. आठवड्याभरात मी एसआयपी बंद केली, अर्धे युनिट विकले आणि एफडी केली. कुणाला विचारलं नाही, बायकोलाही नंतर सांगितलं. त्याच वर्षी दिवाळीला बाजार पडण्याआधीच्या वर होता. मी परत शिरलो ते २०२१ च्या ऑगस्टमध्ये, महाग भावात. किती गेलं त्याचा हिशोब केलाय, इथं लिहीत नाही, पण मुलीची एका वर्षाची फी नक्की निघाली असती. तेव्हा नोकरीची दहा वर्षं शिल्लक होती, आता पाच आहेत.

तेव्हापासून बायकोनं आणि मी एक ठरवलंय, मोठ्या रकमेचा निर्णय असला की वहीत तारीख टाकून लिहायचा, कारण काय तेही लिहायचं, आणि एक महिना त्याला हात लावायचा नाही. महिन्यानंतर तेच कारण वाचून पटलं तरच पुढं. प्लॉटचं २८ ऑगस्टला लिहिलंय. कारणाच्या जागी मी लिहिलंय "बाजार वर्षभर हलला नाही, मेव्हणे म्हणतात". काल परत वाचलं तर त्यात प्लॉटबद्दल एक शब्द नाही. ना तिथं आम्ही घर बांधणार, ना त्याचं महिन्याला काही येणार.

सोन्याचंही मी जुनं बघितलं. २०१२ ला तोळा ३१ हजारांच्या आसपास होता आणि २०१८ ला पण तेवढाच, मधे २६ पर्यंत खाली. त्या सहा वर्षांत गुजरीत कुणी माझ्या मागं लागलं नाही सोनं घ्या म्हणून.

मग माझी अडचण काय, तर धीर धरायचा हे कळतंय, पण किती दिवस? जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २१ हजार होता, मार्च २००९ ला ८ हजारांच्या घरात, आणि परत २१ हजार दिसले ते २०१० च्या दिवाळीला. पस्तिशीतल्या माणसाला ते चाललं. पण २००८ लाच ज्याचा शेवटचा पगार झाला त्यानं काय खायचं? उद्या २०२९ ला तसं झालं तर माझ्याकडं थांबायला वेळच नसेल. म्हणून विचारतोय:

एसआयपी ५८ पर्यंत चालू ठेवू का? फंडातले पैसे काढायला कधीपासून सुरुवात करायची, शेवटच्या वर्षी एकदम की आतापासून थोडे थोडे? आणि पोस्टाची सीनियर सिटिझन स्कीम ६० नंतरच मिळते ना, मग मधली दोन वर्षं पीएफचे पैसे कुठं ठेवायचे?

कुठला फंड चांगला हे विचारत नाहीये. ज्यांनी ही शेवटची पाच वर्षं काढलीत त्यांनी काय केलं ते सांगा.

प्रतिसाद

भाऊ, मी २०२१ ला रिटायर झालो, राजारामपुरीत असतो. आधी स्कीमचं सांगतो. ५५ ते ६० मध्ये रिटायर झालात तरी सीनियर सिटिझन खातं उघडता येतं, फक्त रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत उघडायला पाहिजे. म्हणजे ५८ लाच तुमचं काम होतंय. मर्यादा ३० लाख, आजच्या (२०२५) ८.२ टक्क्यांनी पूर्ण भरले तर तीन महिन्याला ६१,५०० व्याज. तो दर तेव्हा काय असेल तो असेल, पण एकदा खातं उघडलं की पाच वर्षं दर बदलत नाही.

फंडाचं मी असं केलं, शेवटची चार वर्षं दर मार्चला थोडे काढून एफडीत टाकले, बाजार वर असो वा खाली, तारीख ठरलेली. रिटायर होताना तीन वर्षांचा घरखर्च बाजाराच्या बाहेर होता, उरलेलं आजही आतच आहे. तुम्हाला आता वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर टॅक्स नाही, वर १२.५ टक्के. आज प्लॉटसाठी सगळं एकदम काढलंत तर ७० हजारांच्या वर टॅक्समध्येच जातील, वर स्टॅम्प ड्यूटी वेगळी. आणि प्लॉट अडीनडीला अर्धा विकता येत नाही हो. माझ्या थोरल्या भावाच्या ऑपरेशनच्या वेळी बघितलंय, गिऱ्हाईक मिळेपर्यंत सहा महिने गेले.

धागाकर्ता

काका, मनापासून आभार. तीन महिन्यांचं माहीतच नव्हतं, आमच्या कंपनीत पण कुणाला माहीत नाही, उद्या पाळीवर सगळ्यांना सांगतो. मार्चचं वहीत लिहिलं, आजची तारीख टाकून. मेव्हण्यांना रविवारी जेवायला बोलवलंय, बायको म्हणाली मी बोलते भावाशी.

एक राहिलंच. पीपीएफ २०२७ ला पाच वर्षांनी वाढवायचा आहे आणि पैसे भरणं पण चालू ठेवायचं आहे, त्याचा फॉर्म मॅच्युरिटीपासून एका वर्षात द्यावा लागतो असं वाचलं. माझं खातं पोस्टात आहे. कुणी पोस्टात केलंय का, स्वतः जावं लागतं का, आणि पासबुकवर नोंद लगेच करून देतात का?