‘सपल’ घोड्याला मराठीत काय म्हणावं?

दुडकी
पुण्याजवळच्या एका रायडिंग क्लबसाठी छोटी मराठी पुस्तिका करते आहे. वाचणार आहेत शिकणारी मुलं, त्यांचे पालक आणि मुख्य म्हणजे घोड्यांचे मोतद्दार. ‘सपल’ (इंग्रजी supple) या शब्दापाशी अडले आहे. क्लबमधले दोन्ही सर तो सतत वापरतात, पण दोघांच्या मनातली गोष्ट एक नाही. पहिले सर घोडा उभा करून लगामाने त्याची मान आधी डावीकडे, मग उजवीकडे पार रिकिबीपर्यंत वळवून घेतात आणि म्हणतात, रोज हे केलं की घोडा सपल होतो. दुसरे सर म्हणतात, मानेच्या मागे लागू नका, घोडा पुढे चालवा, गोलात घ्या, सपल तो आपसूक होईल. मी कच्च्या मसुद्यात ‘लवचीक’ लिहिलं. पहिले सर खूश झाले. दुसरे म्हणाले, हा शब्दच चुकीचं शिकवतो. शब्द सुचवा. दोघांत बरोबर कोण हेही कुणी सांगितलं तर पुस्तिकेचं एक पान मार्गी लागेल.

मुठाकाठ
‘लवचीक’ला काय हरकत? मल्लखांबावरच्या मुलाला आपण लवचीकच म्हणतो. अंग वळतं, तुटत नाही, ताठ राहत नाही. सरळ, सगळ्यांना कळणारा शब्द आहे.

शब्दवेल्हाळ
इंग्रजी शब्दाचं मूळ पाहण्यासारखं आहे. तो फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिन ‘सुप्लेक्स’पासून, आणि सुप्लेक्स म्हणजे गुडघे टेकून विनवणारा, शरण आलेला. म्हणजे सुरुवातीला अर्थ होता ‘नमलेला’, अंगाच्या वळणाचा अर्थ मागून चिकटला. आपल्याकडेही लवणे म्हणजे वाकणे आणि लवणे म्हणजे नमणे. लवून मुजरा करतात. दोन्ही भाषांत वाकणं आणि शरण जाणं शेजारी शेजारी बसलेलं आहे. ड्रेसाजच्या, म्हणजे शिकवलेल्या घोड्याच्या हालचालींना गुण देणाऱ्या स्पर्धेच्या, गुणपत्रिकेत कितीतरी वर्षं ‘सबमिशन’ (नमणं) असा रकाना असे, तो याच विचारातून आला असावा.
जुनं काही हवं असेल तर अमरकोशात घोड्याच्या पाच ‘धारा’ दिल्या आहेत: आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित, प्लुत. पण त्या चाली आहेत, अंगाचा गुण नव्हे. ‘सपल’ला तिथून शब्द मिळणार नाही.

रिकीब
ताई, तुमच्या दुसऱ्या सरांना शब्द खटकला तो बरोबर खटकला. मी रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड स्वारीसाठी तयार करतो. पुण्यातल्या क्लबांना असे घोडे नवे नाहीत. कॅम्पातला रेसकोर्स १८३० पासूनचा. जरा सविस्तर लिहितो, कारण शब्दाचा आणि पद्धतीचा प्रश्न इथे एकच आहे.

आधी हाडं पाहा. घोड्याच्या मानेत ७ मणके, पाठीत १८, कमरेत ६, आणि त्यामागचे ५ एकमेकांना जुळून एकसंध झालेले. मान इतकी वळते की घोडा स्वतःची बरगडी दाताने खाजवतो. पाठ बाजूला थोडीच वळते, कमर जवळजवळ नाही. त्यातच घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. पुढचे पाय छातीला फक्त स्नायूंनी टांगलेले असतात, त्यामुळे खांदे आडवे सरकायला मोकळे. आता उभ्या घोड्याची मान लगामाने वळवली तर काय होतं? मान वळते. ती आधीही वळत होती. मागच्या पायांना, पाठीला, बरगड्यांना या व्यायामाचा पत्ताही लागत नाही. पुढे चालायला लागल्यावर तोच घोडा मान आत ठेवतो आणि बाहेरच्या खांद्यावरून सरळ निघून जातो. स्वाराला वाटतं घोडा वळलाय, घोडा मात्र कुंपणाकडे चाललेला असतो.

म्हणून ‘लवचीक’ला माझा विरोध. तो शब्द नजर मानेच्या वळणावर नेतो. मुलं आणि पालक काय पाहणार? मान किती वळली ते. सपलपणा पाहायचा तो पाठीत आणि मागच्या पायांत.

हा वाद तुमच्या क्लबात सुरू झालेला नाही. न्यूकासलच्या ड्यूकने, म्हणजे एका इंग्रज सरदाराने, १६५८ मध्ये छापलेल्या ग्रंथात घोड्याचं डोकं आत ओढून लहान गोलात फिरवण्यावर फार भर आहे. त्याचा मान राखूनच फ्रेंच अश्वशिक्षक गेरिनिएरने १७३३ मध्ये लिहिलं की एवढ्याने भागत नाही, गोलात घोडा पुढच्या पायांवर भार टाकतो. त्याने भिंतीच्या कडेने सरळ रेषेत ‘शोल्डर-इन’ शिकवलं: खांदे किंचित आत, आतला मागचा पाय पोटाखाली पुढे येतो, भार मागे सरकतो. पुढे फ्रान्सच्याच फ्रांस्वा बोशेने १८४२ मध्ये आपली पद्धत मांडली. घोड्याचा विरोध जबड्यात आणि मानेत साठलेला असतो, तो आधी उभ्याउभ्या काढून टाकायचा. तुमचे पहिले सर कळत-नकळत बोशेचे शिष्य आहेत. त्याला सर्वांत कडाडून विरोध केला जर्मन गुस्टाव श्टाइनब्रेख्तने. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १८८६ मध्ये आलं. त्याचा पाया एकच: घोडा पुढे चालवा आणि सरळ करा. तुमचे दुसरे सर त्याचे.

जर्मन परंपरेत आज शिक्षणाच्या सहा पायऱ्या मानतात. पहिली ताल, आणि लगेच दुसरी आपली ही. तिचं त्यांचं नाव ‘लोसगेलासेनहाइट’. त्यात वाकण्याचा अंशही नाही. शब्दशः ‘सोडून दिलेलं असणं’. अंगातली धरून ठेवलेली ताकद घोड्याने सोडली आहे, मनातली भीतीही सोडली आहे, आणि तरी तो उत्साहाने पुढे जातो आहे. मराठीत याला आपण काय म्हणतो? अंग मोकळं झालं.
माझं मत: मोकळा.

मुठाकाठ
रिकीबकाका, विवेचन पटलं, शब्द नाही पटला. ‘घोडा मोकळा आहे’ असं कुणी ओरडलं तर मोतद्दार दोर घेऊन पळत सुटेल! तबेल्यात मोकळा म्हणजे सुटलेला.

रिकीब
ही खरी अडचण आहे आणि ती मला सुचली नव्हती. मग ‘अंगाने मोकळा’ म्हणू. ‘सैल’ मात्र नको. सैल पडलेला घोडा पाय ओढत चालतो, पाठ खाली टाकतो. त्याच्यात पुढे जाण्याची इच्छाच नसते. ‘नरम’ तोंडासाठी राखून ठेवा. ‘तोंडाचा नरम’, ‘तोंडाचा कडक’ असं घोड्याबद्दल बोलतातच, त्याची सरमिसळ होईल.

टाच-लगाम
मी तुमच्या पहिल्या सरांच्या बाजूने बोलते. बोशेला इथे जरा स्वस्तात निकालात काढलं. तोंडाचा कडक घोडा, जबडा आवळलेला, बिट (लगामाची तोंडातली कडी) दातात धरून खेचणारा, त्याला नुसतं पुढे पळवलं तर तो आणखी खेचतो. निवृत्त रेसच्या घोड्याला तर लगामावर भार टाकून पळायचीच सवय असते. अशा वेळी थांबून, अलगद एका बाजूचा लगाम घेऊन, जबडा सुटला की त्याच क्षणी हात सोडायचा, हे घोड्याला पटकन समजतं. यात जोर नाही. बोशेने स्वतः उतारवयात आपली पद्धत बदलली होती: हात चालू असेल तेव्हा टाच नाही, टाच चालू असेल तेव्हा हात नाही. तो केवळ मान मुरगाळणारा माणूस नव्हता.

रिकीब
हे मान्य. जबडा आवळलेला असेल तर बाकी अंग मोकळं होणार नाही, आणि घोड्याला ‘लगाम आला की सोडून दे’ एवढं समजावायला उभ्याने वळवणं चालतं. थोडा वेळ, हलक्या हाताने. माझं भांडण क्रमाशी आणि प्रमाणाशी आहे. तो घोड्याशी बोलायचा एक मार्ग झाला, व्यायाम झाला नाही. रोजचा व्यायाम म्हणून तेच केलं की रबरासारखी मान आणि ओंडक्यासारखी पाठ असा घोडा तयार होतो. मग त्याला सरळ करायला जितका काळ लागतो तितक्यात नवा घोडा तयार होईल.

आणखी एक गोष्ट पुस्तिकेत जरूर घाला. प्रत्येक घोडा जन्मतःच किंचित वाकडा असतो. एका बाजूला सहज वळतो, दुसऱ्या बाजूला ताठ लागतो. शिकाऊ स्वार ताठ बाजूशी झगडत बसतो. खरं तर सहज वळणाऱ्या बाजूचे स्नायू आखडलेले असतात, आणि तेच दुसरीकडे वळताना ताणले जात नाहीत. म्हणजे जी बाजू ‘सपल’ वाटते तीच अडवते. मान ओढणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, कारण सोप्या बाजूला मान छान वळते.

आणि जोर लावून हनुवटी छातीला लावणं हे कुठल्याच पद्धतीत बसत नाही. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०१० मध्ये ते अमान्य ठरवलं आहे. आपल्याकडे लगाम मागे नेऊन बांधायचा ‘कायजा’ जुन्या काळापासून आहे. तो तासन्‌तास ठेवला तर हेच होतं.

शब्दवेल्हाळ
कायजा निघालाच आहे तर ‘कावा’ही घ्या. घोड्याला गोलात फिरवणं म्हणजे कावा देणं. आज आपल्याला त्याचा फक्त डावपेच हा अर्थ आठवतो. लंजिंगला इतका नेमका शब्द घरात असताना पुस्तिकेत तो यावा असं मनापासून वाटतं. घोडा तयार करणाऱ्याला ‘चाबूकस्वार’ म्हणत, तोही शब्द मरू देऊ नये.

दुडकी
कावा नक्की घेते, पहिल्यांदा येईल तिथे ‘लंजिंग म्हणजे कावा’ असं एकदा सांगून. चाबूकस्वार मुलांसमोर ठेवायला धजत नाही. ती चाबूकच पकडतील. रिकीबकाका, मोतद्दारांना ओळखता येईल अशा खुणा सांगाल का? तेच घोड्याला सगळ्यात जास्त वेळ पाहतात.

रिकीब
खुणा त्यांना बहुतेक माहीत असतात, नाव नसतं. शेपटी घट्ट दाबलेली नाही, पाठीच्या तालावर दोन्ही बाजूंना सारखी हलते. घोडा फुरफुरतो, लांब श्वास सोडतो. तोंड बंद पण जबडा हलता, ओठांवर थोडा फेस. मागच्या पायाचं पाऊल पुढच्याच्या खुणेवर किंवा तिच्या पुढे पडतं. आणि सगळ्यात खात्रीची: चालताना लगाम हळूहळू सोडत गेलं तर घोडा मान पुढे आणि खाली लांबवत लगामाच्या मागे जातो. डोकं वर झटकत नाही, वेग वाढवत नाही. हे दोन्ही हातांवर, म्हणजे डावीकडच्या गोलात आणि उजवीकडच्या गोलातही झालं, तर घोडा अंगाने मोकळा. एकाच हातावर झालं तर काम बाकी आहे.

तिथे पोचायचं कसं तेही थोडक्यात लिहा. आधी दहा-पंधरा मिनिटं लांब लगामावर चाल. मग वीस मीटरचा गोल, त्याहून लहान नको. हात वारंवार बदलायचा. चालीतून ट्रॉट (म्हणजे दुडकी), ट्रॉटमधून चाल. जमिनीवरच्या बांबूंवरून चालवणं. शोल्डर-इन यानंतर, तेही काही पावलंच. पुण्यात मार्च ते मे सकाळी आठच्या आत सगळं उरकायचं, नाहीतर घामाने गळालेल्या घोड्याला लोक मोकळा समजतील.

टाच-लगाम
यात मी एक ओळ घालीन: घोडा लगामावर लटकत असेल तर थांबा, जबडा सुटू द्या, मग पुन्हा पुढे. बाकी सगळं मान्य.

दुडकी
घातली. आता मजकूर असा झाला आहे: “सपल म्हणजे अंगाने मोकळा. मान किती वळते यावरून तो ओळखू नये. पाठ हलते का, शेपटी हलते का, लगाम सोडल्यावर घोडा मान लांबवतो का, हे पाहावं. सांधे किंवा बरगडी वळते त्या गुणाला लवचीकपणा म्हणावं.” दोन्ही सरांनी वाचला. पहिले सर म्हणाले, उभ्याने मान वळवायचं चित्र वगळू नका, फक्त ते आधी नको, शेवटी छापा. मी तसं करते आहे. शेवटचा प्रश्न: ‘ट्रॉट’ ठेवू की ‘दुडकी’?

मुठाकाठ
तुमचं नावच दुडकी आहे, तरी सांगतो, ट्रॉट ठेवा. मैदानात सगळे तेच ओरडतात आणि घोडेही त्या हाकेला ओळखतात.

रिकीब
ट्रॉटच. हाकेचा शब्द घोड्याला माहीत असलेलाच हवा.