डॉक्टरांच्या केसपेपरवर आनंदाची नोंद असावी का?

अक्षरयात्री (धाग्याची सुरुवात):
डॉ. अनिल अवचट (१९४४–२०२२) यांनी वैद्यकीय पदवी घेतली, पण आयुष्य रमवले ते लेखन, लाकडातले कोरीवकाम, ओरिगामी, चित्रे आणि बासरी यांत. याच माणसाने पत्नी डॉ. सुनंदा (अनिता) यांच्यासह १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत. मधुमेह, नैराश्य, व्यसन असे दीर्घकाळ सोबत राहणारे आजार असतील तेव्हा ‘दिवसभरात तुम्हाला कशात आनंद वाटतो?’ हा प्रश्न डॉक्टरांनी विचारावा आणि त्याचे उत्तर रक्तदाबाच्या आकड्याशेजारी लिहावे, असे माझे ठाम मत आहे.

ओपीडीवाला:
मला हे मान्य नाही. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हातांना कंप सुटतो, कधी झटके येतात, भ्रम होऊन जिवावरही बेतते. त्या वेळी लागतात ती योग्य औषधे, बी-१ जीवनसत्त्व आणि चोवीस तास लक्ष ठेवणारी माणसे. उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवत नाही, त्यामुळे ‘आता मन प्रसन्न आहे’ म्हणून परस्पर गोळ्या बंद करणारे रुग्ण आम्हाला पक्षाघात झाल्यावरच भेटतात. छंदाला उपचाराच्या पंक्तीला बसवले की हा गैरसमज वाढतो.

निवृत्त परिचारिका:
डॉक्टर, पहिल्या आठवड्यापुरते तुमचे शब्दन् शब्द खरे आहे. मी व्यसनमुक्तीच्या वॉर्डात काम केले आहे, आणि प्रश्न त्यानंतरच्या संध्याकाळचा असतो. कंप थांबलेला असतो, भूक लागू लागलेली असते, पण सात वाजले की रोजच्या गुत्त्याची वेळ अंगात उभी राहते आणि त्या तासाचे काय करायचे हे माणसाला कळत नाही. अशा एकाला आम्ही चौकोनी कागद दिला होता. टोकाला टोक जुळेना म्हणून त्याने तो दोनदा फेकला, मग अंगठ्याच्या नखाने घडी दाबत दाबत पक्षी पूर्ण केला आणि मुलीसाठी दुसरा कागद मागून घेतला. त्याची गोळी कोणी बंद केली नव्हती. औषध शरीराला सावरते, पण रिकामा झालेला तास कशाने तरी भरावाच लागतो, आणि ते कामही उपचारातच मोडते.

माणदेशी:
दोघेही वेळ हाताशी असलेल्या माणसाबद्दल बोलत आहात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. पहाटे फडात जाणाऱ्या, पाळीच्या दिवसांतही मजुरी बुडू न देणाऱ्या त्या बाईच्या केसपेपरवर तुम्ही छंद कोणता लिहिणार? समग्र आरोग्य म्हणायचे, तर त्यात शौचालय, विश्रांती आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल यांचा विचार आधी हवा.

अक्षरयात्री:
तुमचा मुद्दा मोठा आहे, पण कष्टकरी बाईजवळ निर्मिती नव्हती असे म्हणू नका. संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी जात्यावरच्या सुमारे एक लाख ओव्या गोळा केल्या. दळता दळता स्वतःच्या शब्दांत मन मोकळे करण्याची ती रीत कोणत्याही डॉक्टरने सांगितलेली नव्हती.

माणदेशी:
ओव्यांचे मोल मला ठाऊक आहे, माझी आजी ओव्या गात असे. पण त्यांत सासुरवास आणि शीण किती भरून आहे, हेही वाचा. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा आमच्याकडच्या बायकांनी जाते आनंदाने बाजूला ठेवले, कारण त्यांना पहाटेची झोप मिळाली. तुमचा आनंदाचा रकाना खुशाल ठेवा, माझा त्याला विरोध नाही. मात्र त्याच्या वर ‘झोप किती तास’ आणि ‘काम किती तास’ हे दोन रकाने असू द्या, आणि त्यांची उत्तरे वाचून पुढे कोणी काय करायचे, हेही तिथेच लिहा.