फॅमिली ग्रुप: मावशी मस्कतला निघाल्या

सुनंदामावशी: मंदारने जुलैची तिकिटं पाठवली. १२ दिवस मस्कत. अविनाश, तू तिकडे १४ वर्षं काढलीस ना रे? काय काय घेऊ? एखादा स्वेटर असू दे का?

अविनाशदादा: स्वेटर!! अगं, जुलैत तिथे नळाचं 'गार' पाणी अंगावर घेववत नाही. टाक्या गच्चीवर उन्हात. आम्ही उन्हाळाभर गीझर बंद ठेवायचो आणि आंघोळीला त्यातलंच पाणी घ्यायचो. घरात तेवढंच जरा निवलेलं.

ऋता: गीझरचा माठ 😄

अविनाशदादा: रात्रीही सुटका नाही. २०१८ च्या जूनमध्ये मस्कतजवळच्या कुरियातला अख्ख्या दिवसरात्रीत पारा ४२.६ च्या खाली उतरलाच नव्हता.

बंडूकाका: वाळवंटच ते. उंट, खजूर, तेल. १२ दिवस बघणार काय?

अविनाशदादा: काका, मस्कतमध्ये वाळवंट बघायला गाडी काढून जावं लागतं. शहराच्या पाठीशी 'हजर' नावाचे उघडेबोडके डोंगर, पुढे समुद्र. त्यातला जबल शम्स सुमारे ३००० मीटर. कळसूबाई १६४६, म्हणजे बघा.
पण मावशी, मुख्य गोष्ट ऐक. मंदारला म्हणावं, चार दिवस दक्षिण ओमानातल्या सलालाला ने.

सुनंदामावशी: तिथे काय असतं?

अविनाशदादा: पाऊस! जूनअखेर ते सप्टेंबर. त्याला ते 'खरीफ' म्हणतात. आपल्या खरीप हंगामाचा शब्द अरबीतूनच आलाय. आपल्याकडे येणारे नैऋत्य वारेच तिथल्या धोफार प्रांताच्या डोंगरांना अडतात. त्यात किनाऱ्यालगत समुद्राच्या तळचं थंड पाणी वर येतं, म्हणून धुकं धरतं. धो धो नाही, आंबोलीसारखी भुरभुर. डोंगर हिरवेगार, रस्त्याकडेला शहाळी आणि केळी. सगळ्या आखातातून लोक गाड्या भरून येतात, निव्वळ भिजायला. आपण पावसाला शिव्या घालतो!
लोबानाची झाडं त्याच भागात, पण डोंगरापलीकडे, पाऊस पोचत नाही त्या बाजूला.
विमानाने जा. रस्त्याने हजारेक किलोमीटर आहे.

वैशालीवहिनी: मावशींना बुरखा घालावा लागेल का हो?

अविनाशदादा: छे. साडी, पंजाबी ड्रेस सगळं चालतं. खांदे-गुडघे झाकलेले असले की झालं. सुलतान काबूस मशिदीत मात्र डोक्यावर ओढणी हवी. आपल्याला सकाळी ८ ते ११ आत सोडतात, शुक्रवारी नाही. सुट्टी तिकडे शुक्रवार-शनिवार.

सुनंदामावशी: आणि देवळं? श्रावण लागेल ना.

अविनाशदादा: मोतीश्वराचं देऊळ आहे की! जुन्या मस्कतमध्ये, राजवाड्याजवळ. आपल्या गुजराती व्यापाऱ्यांची तिथे पिढ्यान् पिढ्या वस्ती. १९७० पर्यंत ओमानात रुपयाच चालायचा, रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या छापलेल्या नोटा. आता रियाल, पण सुटे अजून 'बैसा'. १००० बैशांचा एक रियाल.

बंडूकाका: बैसा म्हणजे पैसाच की. अरबीत 'प' नाहीच.

अविनाशदादा: बरोब्बर. आणि मावशी, कुणा ओमानीकडे गेलात की आधी खजूर आणि कहवा येणार. वेलचीची कडवट बिनदुधाची कॉफी, पाणीपुरीच्या पुरीएवढ्या वाटीत. उजव्या हाताने घ्यायची. पुरे झाली की वाटी हलवून परत द्यायची. नुसती रिकामी धरली तर ते पुन्हा भरतात. हे मला सातव्या वाटीनंतर कळलं.

ऋता: 😂😂

अविनाशदादा: बाकी औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेव. आणि खसखस अजिबात नेऊ नकोस, आखातात बऱ्याच ठिकाणी ती अमली पदार्थांत धरतात. उगाच विमानतळावर प्रश्नोत्तरं नकोत.

सुनंदामावशी: अरे देवा. मंदारसाठी अनारशाचं पीठ कालच भिजवलंय. खसखशीशिवाय थापू कशावर?

वैशालीवहिनी: तिळावर थापा.

सुनंदामावशी: तिळावरचे त्याला आवडत नाहीत गं.

बंडूकाका: खसखशीचे इकडे पाठवा. आमच्या गल्लीत तपासणी नाही.