मदत हवी आहे: लॅब्रॅडोर कुत्रीला बंदुकीच्या आवाजाची सवय कशी लावू?
अमेरिकेतल्या मिनेसोटात बदकांच्या शिकारीचा हंगाम सप्टेंबरअखेर सुरू होतो. आमची लॅब्रॅडोर आठ महिन्यांची. डमी (सरावासाठी फेकायचं नकली बदक) पाण्यातूनही हौसेने आणते, कान तपासलेत, घरात भांडं पडलं तरी दचकत नाही. ती डमीमागे सुसाट धावत असतानाच मित्र 100 यार्डांवरून बिनगोळीचं पिस्तूल उडवतो, तोवर सगळं ठीक. 50 यार्डांवर आलो की कान मागे, शेपूट खाली, मधेच थांबून माझ्याकडे बघते. डमी मात्र आणतेच. सध्या आवाज पूर्ण बंद ठेवलाय. थेट शूटिंग रेंजवर न्यायचा काहींचा सल्ला मला अजिबात पटत नाही. यंदाचा हंगाम हुकला तरी चालेल, तिच्या मनात भीती बसायला नको.

पुन्हा 100 वरून सुरू करण्याआधी किती दिवस खंड द्यावा? आणि 12 बोअर (शिकारीची मोठ्या आवाजाची बंदूक) काढायची वेळ आली, हे तिच्या कुठल्या वागण्यावरून ओळखायचं?