मदत हवी आहे : मुलाचं नाव 'ऋत' – उच्चार, स्पेलिंग, आणि कितपत ठेवलं जातं?

नवीपालवी
मुलासाठी 'ऋत' (म्हणजे सत्य, विश्वाचा नियम) जवळजवळ ठरलंय, बारसं पुढच्या महिन्यात. पुण्यात आम्ही 'रुत' म्हणतो, इंदूरचं आजोळ 'रित' म्हणतं. बरोबर कोण? इंग्रजी स्पेलिंग काय करावं? 'काटा रुतला'वरून चिडवतील का? आणि हे नाव किती जणांचं आहे, ते कुठे कळेल?

अनुस्वार
दोन्ही बरोबर. ऋ हा संस्कृतात स्वर आहे. त्याचा मूळ उच्चार आता रोजच्या बोलण्यात उरलेला नाही. मराठी, कन्नड, तेलुगू 'रु'कडे वळल्या, हिंदी-बंगाली 'रि'कडे. आजोळच्या मंडळींना अजिबात टोकू नका.

खरी अडचण आपल्याच तोंडी आहे. मूल, दूध, फूल म्हणायच्या सवयीने मराठी माणूस 'रुत'चं 'रूत' करतो. घरातल्यांनी पहिल्यापासून ऱ्हस्व म्हटलं तर बाहेरचेही तसंच उचलतील. पहिल्यांदा ऐकणारा 'ऋतू का?' असं विचारणारच, त्याची तयारी ठेवा. रुतण्यावरून शाळेत थोडंफार चिडवतील, पण तेवढ्यासाठी इतकं अर्थपूर्ण नाव सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

टाचणी
स्पेलिंगवर मात्र नीट विचार करा, सगळा घोळ तिथेच होतो.
आर-यू-टी : इंग्रजी वाचणारा 'रट' म्हणतो. त्या शब्दाचा एक अर्थ जनावराचा माज असाही आहे. परदेशी जायचं असेल तर टाळाच.
शेवटी एच जोडून 'त' दाखवायला गेलात तर 'रूथ' होतं, आणि ते बायबलमधल्या स्त्रीचं नाव.
शेवटी ए जोडलात तर सगळे 'ऋता' वाचतील, म्हणजे मुलगी.
सुरुवातीला एच लावणारेही आहेत. ते 'हृत' होतं, अर्थ 'हरण केलेलं'. कृपया नको.
आर-आय-टी त्यातल्या त्यात सुटसुटीत, पण मराठी उच्चार जातो आणि 'त'चा 'ट' होतोच.

माझं मत : 'ऋतम' ठेवा. अर्थ तोच, आणि आर-यू-टी-ए-एम कुणीही जवळजवळ बरोबर वाचतो. क्रिकेटपटू ऋतुराज गायकवाडही स्पेलिंगमध्ये 'रु'च लावतो, त्यामुळे मराठी 'रु' लोकांना आता नवा नाही.

पंचपात्र
नावरस अक्षर (जन्मनक्षत्राच्या चरणावरून, म्हणजे चौथ्या भागावरून, येणारं नावाचं पहिलं अक्षर) पाहत असाल तर : 'रू' हे स्वातीचं पहिलं चरण, 'री' हे चित्राचं चौथं. दोन्हीकडे रास तूळच. ऋ आपल्याकडे 'रु'त धरतात, तरी गुरुजींना आधी विचारून घ्या.

अनुस्वार
कितपत ठेवलं जातं याबद्दल : आपल्याकडे जन्मनोंदणीवरून नावांची अधिकृत वार्षिक यादी निघत नाही. बाळांच्या नावांच्या साइटवरच्या क्रमवारीवर विसंबू नका. अमेरिकेची सामाजिक सुरक्षा खात्याची यादी खरी असते, पण वर्षात पाचपेक्षा कमी बाळांना ठेवलेलं नाव त्यात येत नाही, आणि मोजणी स्पेलिंगनुसार होते. म्हणजे 'ऋत' तिथे तीन-चार तुकड्यांत विखुरणार.

नवीपालवी
कागदावर ऋतम आणि घरी ऋत, असं चालेल? बारशापर्यंत नोंदणी थांबवावी का?

टाचणी
हाक काहीही मारा, पण कागदांवर सगळीकडे एकच हवं. नोंदणी मात्र थांबवू नका. जन्माची खबर २१ दिवसांत जायला हवी, ती नावाशिवायही जाते. नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. एकदा चढलेलं नाव बदलणं मात्र फार कटकटीचं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, तेव्हा तोच आधी अचूक करून घ्या.

दाखला छापण्याआधी मराठी रकाना स्वतः वाचा. इंग्रजीवरून आपोआप आलेली देवनागरी 'रुटम' किंवा 'रतम' असू शकते. टंकणाऱ्याला ऋ सापडत नसेल तर इनस्क्रिप्ट कळफलकात (संगणकावरची देवनागरी कळरचना) शिफ्ट धरून '=' या चिन्हाची कळ दाबायला सांगा. शिफ्टशिवाय तीच कळ नुसती मात्रा (ृ) देते.