सल्ला हवा: ४५ सेंमी खोल जागेत मॉडेल रेल्वे, पंचवीस वर्षांनी पुन्हा रुळावर

रुळावरून_घसरलेला

नमस्कार मंडळी. लहानपणी मामाने परदेशातून ओओ स्केलचा (खऱ्याच्या १/७६) एक सेट आणला होता. दहावीच्या वर्षी आईने तो माळ्यावर टाकला तो टाकलाच. परवा माळा आवरताना खोका हाताला लागला. आत एक छोटं टाकीवालं इंजिन, सात वाघिणी, आठवीचा नुसता सांगाडा, गंजलेल्या रुळांचा गोल, दोन सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे) आणि जुना कंट्रोलर. इंजिनाने 'घर्र' केलं, हललं मात्र नाही. पण तो तेलाचा आणि तापल्या मोटारीचा वास आला आणि संपलंच सगळं.

जागा म्हणाल तर डोंबिवलीतला दोन बेडरूमचा फ्लॅट, लेकीच्या खोलीतली खिडकीखालची भिंत. लांबी १८० सेंमी, खोली ४५ सेंमी, त्यापुढे कपाटाचं दार उघडतं. भिंतीला काही ठोकायचं नाही, ही गृहमंत्र्यांची अट. वर्षभराचं बजेट पंचवीस हजार.

ओओ ठेवू की एनमध्ये, म्हणजे त्याहून लहान स्केलमध्ये, जाऊ? डीसीसी (प्रत्येक इंजिन वेगळं चालवणारी डिजिटल पद्धत) घ्यावं का? आणि हो, गाडी गोल फिरली पाहिजे. मनात कधीपासून डेक्कन क्वीन आहे.

अबोली

वा! लक्ष ठेवून आहे. फोटो टाका आधी.

सांधेवाला

आधी मोजपट्टी, मग स्वप्नं. हॉर्नबी कंपनीच्या पहिल्या त्रिज्येचं वळण ३७१ मिमीचं, म्हणजे नुसत्या गोलाला ७४ सेंमी रुंदी, आणि स्लीपरची रुंदी वेगळी. दुसऱ्या त्रिज्येला, ४३८ ला, आणखी जास्त. तुमच्याकडे ४५. ओओचा गोल विसरा.

डेक्कन क्वीनचा हिशोबही करून टाकू. आयसीएफचा (चेन्नईच्या कारखान्यातला जुन्या धाटणीचा) डबा सव्वाएकवीस मीटरचा. एचओत, म्हणजे ओओच्याच रुळावर चालणाऱ्या १:८७ च्या स्केलमध्ये, तो साडेचोवीस सेंमी होतो. चार डबे आणि पुढे एक इंजिन लावलं की साधारण १२० सेंमी झाले. १८० च्या फळीवर गाडी उभी राहील झकास, पण जाणार कुठे? खऱ्या गाडीला तरी पुढे खंडाळा आहे.

तुमच्या खोक्यात जे आहे त्यातून 'इंगलनुक' होतं. अ‍ॅलन राइट नावाच्या इंग्रज हौशी माणसाची ही कल्पना. दोन सांधे, तीन साइडिंग (बाजूचे बंद रूळ). एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोनांत तीन-तीन. सांध्यांच्या अलीकडचा तुकडा इंजिन अधिक तीन वाघिणी इतकाच लांब, एक इंचसुद्धा जास्त नाही. आठ वाघिणींच्या आठ चिठ्ठ्या करायच्या, पाच उचलायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. दिसायला पोरखेळ, पण अशा रांगा ६७२० होतात. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा चहा गार झाला.

तुमची वाघीण कपलिंगसकट साधारण आठ सेंमी असेल. पाचांचे चाळीस, इंजिन-तीनचे सदतीस, दोन सांध्यांचे चौतीस. चार फुटांत काम झालं. उरलेल्या दोन फुटांत गोदाम करा, नाहीतर कुंडी ठेवा.

पनवेल_लोकल

सांधेवाले काका नेहमीप्रमाणे गोल फिरणाऱ्यांच्या पोटावर पाय देतात :) ज्याला गाडी पळताना बघायची आहे त्याला दिवसभर शंटिंग (वाघिणी मागेपुढे ढकलणं) करायला लावू नका. एन घ्या. कातोच्या युनिट्रॅकमध्ये खडीचा बेस रुळाला चिकटूनच येतो, खट्कन जोडा, संध्याकाळी पलंगाखाली सरकवा. सुतार नको, भिंत नको.

सांधेवाला

पनवेल, त्रिज्या सांग.

पनवेल_लोकल

२४९ ची बसत नाही, मान्य. छोट्या मालिकेतली २१६ ची लावली तर ४३२ आणि बेसची २५ मिमी रुंदी. ४५७ होतात. सात मिलिमीटरने हुकतंय हो. १८३ ची आरामात बसते, पण त्यावर ट्राम आणि आखूड डबेच शोभतात. लांब डबा नेला तर वळणावर त्याचं पोट आतल्या रुळाच्या पलीकडे जातं.

कुर्डुवाडीकर

सगळे ब्रॉडगेजच्या मागे का लागलात? माझं आजोळ बार्शी. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसायचं, डब्यात समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागायचे. बार्शी लाइट रेल्वे, १८९७ साली सुरू झालेली, पुढे १९२७ ला मिरजेपर्यंत पोचली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने एका आसावर पाच टनांहून जास्त भार नको हे धरूनच ती आखली होती.

आता गंमत बघा. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमीची. ८७ ने भागलं तर सव्वाएकोणीस मिमी हवेत. पण एचओचा रूळ मिळतो १६.५ चा, कारण तो युरोपच्या १४३५ साठी बनलाय. म्हणून भारतीय इंजिन त्यावर ठेवलं की तोकड्या लेंग्यातल्या पैलवानासारखं दिसतं. बार्शी लाइट होती ७६२ मिमीची. ८७ ने भागा: पावणेनऊ. एनचा रूळ ९ मिमीचा, बाजारात तयार! वर १:८७ ची बॉडी पुठ्ठ्याची किंवा थ्रीडी प्रिंटची, खाली एनचं चालतं चॅसी. पेकोच्या नॅरोगेज सेटट्रॅकचं वळण नऊ इंची, गोलाला साधारण ४६ सेंमी लागतात. तुमच्या फळीवर पूर्ण गोल नाही बसणार, पण एका टोकाला वळून फळीवरच्या खोट्या भिंतीमागे गडप होणारी गाडी नक्की बसते.

रुळावरून_घसरलेला

बार्शी वाचून अंगावर काटा आला. पण बॉडी स्वतः बनवणं आत्ता झेपेल असं वाटत नाही. पंचवीस वर्षांत हातात स्क्रू-ड्रायव्हर धरलाय तो फक्त गॅसच्या शेगडीसाठी.

अबोली

मग आत्ता काका म्हणतात ते करा, बार्शी पुढच्या दिवाळीला. पुण्याला गेलात तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून या, लेकीला घेऊन. फक्त परत येताना घरचा ४५ सेंमीचा आकडा विसरू नका. आमचे हे विसरले होते. सोफा विकावा लागला.

ठिणगी

विजेचं मी सांगतो, ते कुणी बोललंच नाही. माळ्यावरचा जुना कंट्रोलर सरळ भंगारात. त्याच्या आतलं २३० व्होल्टचं इन्सुलेशन पंचवीस पावसाळ्यांनंतर काय अवस्थेत असेल हे बघायच्या फंदात पडू नका, लेकीच्या खोलीत तर नाहीच. नवा १२ व्होल्ट डीसी कंट्रोलर घ्या. एका इंजिनासाठी डीसीसी कशाला? ते पैसे चांगल्या सांध्यांवर घाला.

इंजिन बहुधा मेलेलं नाही. जुनं तेल डिंकासारखं घट्ट होतं. खोलून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कार्बन ब्रश बघा, मग सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल. आपल्याकडे लोक शिवणयंत्रासारखं ओततात, मग ते चाकांवरून रुळावर येतं आणि गाडी अडखळते.

रुळांना लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर पोलाद आहे, टाकून द्या, तुमच्याकडच्या दमट हवेत दर आठवड्याला घासत बसाल. नवे जर्मन सिल्व्हरचे घ्या. नावात चांदी आहे, आत नाही. तांबं, निकेल, जस्त.

सांधेवाला

ठिणगीच्या चुंबकाला माझी पुरवणी. खडीसाठी काळ्या दगडाची कच चहाच्या गाळणीने चाळून घेतलीत तर तिच्यातूनही चुंबक फिरवा. लोखंडी कण असतात, ते थेट मोटारीत जाऊन बसतात. चिकटवायला पातळ केलेलं फेव्हिकॉल आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, नाहीतर पाणी खडीवर मोत्यासारखं उभं राहतं, आत मुरत नाही. फळीला १२ मिमी मरीन प्लाय, खाली पट्ट्या, आणि प्रायमर *दोन्ही* बाजूंना आणि कडांना. एकाच बाजूला लावलात तर जुलैत फळीची होडी होते. वर झाकण हवंच, सीलिंग फॅनची धूळ कुणाला सोडत नाही.

रुळावरून_घसरलेला

तीन आठवड्यांनी हजेरी. रूळ घ्यायच्या आधी वर्तमानपत्रावर सांधे आखून जेवणाच्या टेबलावर पसरले. तिथेच कळलं की मी अलीकडचा तुकडा चार सेंमी आखूड धरला होता, इंजिन कपलिंगसकट मोजलंच नव्हतं. फळी आता चार फुटांची, दोन स्टँडवर, भिंतीला खिळा नाही. इंजिन चालतं! ठिणगी, तेल खरंच गुळासारखं झालं होतं.

आठव्या सांगाड्यावर लेकीने पुठ्ठ्याची वाघीण चढवली आणि त्यात खराट्याचे हीर तोडून ऊस भरलाय. चिठ्ठ्या तीच काढते. काल रात्री तिने ऊस पाचवा काढला आणि तो होता सगळ्यात आतल्या साइडिंगच्या टोकाला. अकरा वाजेपर्यंत बसलो होतो.

कुर्डुवाडीकर, नऊ इंची वळणाचा एक तुकडा मागवलाय. नुसता बघायला.

कुर्डुवाडीकर

नुसता बघायलाच मागवतात सगळे. अभिनंदन :)